कुंदाताईंचे पाच उपास

आमच्या इमारतीतल्या कुंदाताई दळवी सोमवारी डावखुऱ्या असत. आठवडाभर उजव्या हाताने कांदा चिरणारी ही बाई सोमवारी साबुदाण्याच्या कढईत डाव्या हाताने उलथनं फिरवायची, आणि तेही अगदी सराईतपणे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात दुखत असेल.

"छे रे, आज दामलेबाईंचा सोमवार ना," त्या म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या दामलेबाई डावखुऱ्या होत्या हे खरं. पण त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सोळा सोमवारांतले नऊ करून त्या गेल्या. व्रताचं उद्यापन राहिलं की जीव उंबऱ्याशी घुटमळतो, असा कुंदाताईंचा पक्का समज. म्हणून उरलेले सोमवार त्यांनी स्वतःकडे घेतले होते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मुलुंडच्या आमच्या तीन मजली इमारतीत टीव्ही अजून दोनच घरांत होता. कुंदाताई आमच्या समोरच्या दारात राहत. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून आठ तास खुर्चीत बसायचं आणि घरी आल्यावर उपास करायचा. माणूस अंगाने किती असावा याला काही मर्यादा असते, पण ती कुंदाताईंनी मागेच ओलांडली होती. जिन्यात त्या समोरून आल्या की आपण मुकाट्याने चार पायऱ्या मागे जायचं.

उपास एकट्या सोमवारचा नव्हता. मंगळवार आणि शुक्रवार तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावांचे. जिवंतपणी एकीने दुसरीच्या हातचं पाणी प्यायलं नाही, आता दोघींचा फराळ एकाच कढईत शिजत होता. गुरुवार पहिल्या मजल्यावरच्या परबमामांचा. शनिवारचा त्यांचा स्वतःचा असेल, असं मी धरून चाललो होतो. उरलेल्या बुधवारी बांगडे आणि रविवारी कोंबडी-वडे, कारण आठवडाभर उपाशी राहिलेल्या माणसाने दोन दिवस तरी जेवायला नको का?

परबमामांच्या गुरुवारी मात्र माझी टरकली होती. मामांना जाऊन चार महिने झालेले. संध्याकाळी मी कुंदाताईंच्या दाराशी गेलो, तर आतून मामांचा खोकला ऐकू आला. तोच, दोनदा कोरडा आणि तिसऱ्यांदा लांबलेला. मग कोणी जाड्या आवाजात म्हणालं, "मिरची खंय ठेवलंस गो?" दार लोटलं तर आत कुंदाताई एकट्या. पुढ्यात तिखटजाळ खिचडी, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"आत कोण होतं?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आज वार कुठला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "असा बघू नकोस, विजू. दिवसाला शंभर माणसांशी बोलते मी. त्यातला एक तरी दिसतो का?"

त्या दिवसापासून गुरुवारी मी आमचं दार आतून लावून घेऊ लागलो.

मग एकदा कुंदाताई जिन्यातच चक्कर येऊन बसल्या. डॉक्टरांकडे मीच नेलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर वाढलीय, हृदय थकलंय. चार महिन्यांत बारा किलो उतरायला हवेत. नाहीतर पुढच्या खेपेला मला घरी यावं लागेल, आणि तेही सर्टिफिकेट द्यायला."

मला त्या वेळी पथ्यपाण्याचं भारी वेड होतं. मी त्यांना कॅनव्हासचे बूट आणून दिले आणि रोज सकाळी स्टेशनापर्यंत चालायला नेलं. साखर बंद केली, जिना दोनदा चढायला लावला. महिन्याने वजन केलं, तर एक किलो वाढलेलं.

"मी खाते तरी काय रे?" त्या काकुळतीने म्हणाल्या. "उपासच तर असतो."

साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, वर तूप. आठवड्यातून पाच दिवस! मी कपाळावर हात मारला. वर प्रत्येकाची आवड वेगळी. दामलेबाईंना तूप जास्त, मामांना वाटीभर दही, जावांपैकी एकीला रताळ्याचा कीस आणि दुसरीला तो नको म्हणून वऱ्याचे तांदूळ. कुंदाताई सगळ्यांचं सगळं खात होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दामलेबाईंचे सात सोमवार उरले होते, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचं काम. मग हे दीड वर्ष कसलं चाललंय? याचा सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटपून मी थेट त्यांच्याकडे गेलो.

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात कढईच्या काठावर उलथनं आपटल्याचा आवाज आला. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू.

मी चप्पल काढता काढता थांबलो. असं उलथनं फक्त माझी आई झाडायची. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

"आलास? हात धुऊन घे, निवतंय," आतून हाक आली. तो सूर माझ्या ओळखीचा होता. वर्षभरात मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तिथून हलावंसंही वाटेना.

जरा वेळाने मी आत गेलो. कुंदाताई ओशाळल्या. "तुझ्या आईचे शनिवार रे. तुला आवडणार नाही म्हणून बोलले नाही."

"कुंदाताई, उद्यापनं का केली नाहीत?"

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. "उद्यापन केलं की ती माणसं जातात, विजू. मग सोमवारी माझ्याकडे कोण येणार?"

मी पाट ओढून बसलो.

"आणि तुम्ही गेल्यावर या सगळ्यांचं कोण करणार?" मी म्हटलं. "चार उद्यापनं करा. सोमवारी मी येईन. गुरुवारीसुद्धा येईन. पण भाजी-भाकरी खायला."

दोन महिन्यांत चारही उद्यापनं झाली. दामलेबाईंच्या उद्यापनानंतरच्या सोमवारी कुंदाताईंनी उजव्या हाताने आमटी वाढली आणि पदराने डोळे पुसले. वजन उतरायला लागलं. त्यानंतर चौथ्या महिन्यात बारा किलो उतरलेले बघून डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला.

शनिवार तेवढा राहिला. आता त्या वाटीभरच खायच्या, बाकीची खिचडी माझ्या ताटात यायची, आणि माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. "तुझ्या आईचं उद्यापन कधी करूया रे?" कुंदाताई अधूनमधून विचारायच्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो आणि म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू.