गजराज पिकअपची पिछाडी कशी राखिली, त्याची हकीकत

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि कुंपणावर कोपरे टेकून जे शेजारी आदीपासून अंतापर्यंत फुकट पाहत राहिले, त्यांस साक्षीस ठेवून ही हकीकत लिहिली असे. संवत्सराचे नाव लिहावयाचे होते, परंतु भिंतीवरील कॅलेंडरास मातीचे हात लागून महिना झाकला गेला, सबब राहिले. वार रविवार होता याविषयी दुमत नाही, कारण मेहुणेसाहेब हजर होते, आणि दुसऱ्याचे काम पाहावयास ते रविवारखेरीज सहसा निघत नाहीत.

तर मूळ वर्तमान ऐसे. कुंभारकामात निष्णात अशा एक बाईसाहेब होत्या. त्या कमरेइतके उंच रांजण घडवीत आणि हॉटेलांच्या बागांतून त्या रांजणांस मोठा मान होता. त्यांचे यजमान, ज्यांस येथे जावईराव म्हणावे, हे घरजावई. घर सासऱ्यांचे, अंगण सासूबाईंचे, कारखाना बाईसाहेबांचा, निजावयाची उशीदेखील सासरची. स्वतःची म्हणावी ऐसी दौलत एकच, ती म्हणजे पिकअप गाडी, नाव गजराज. घरची भट्टी कपबशीपुरती, म्हणोन रांजण वाळले की कच्चेच गजराजाच्या पाठीवर घालावे आणि शहराच्या दुसऱ्या टोकास मोठ्या भट्टीवर भाजावयास न्यावे, हा शिरस्ता. आणि कच्चा रांजण म्हणजे काय, तर नुसती वाळलेली माती. शेजारी कोणी जोराने शिंकले तरी त्याच्या जिवास धोका.

ऐसे असता बाईसाहेबांचे वेगळ्या बिऱ्हाडी राहणारे धाकटे बंधू, म्हणजे सदरहू मेहुणेसाहेब, यांनी एक उंच मोटार घेतली आणि ती दाखवावयास अंगणात आणून लाविली, आणि तिची सावली गजराजावर पडली. हा अपमान जावईरावांस सोसला नाही. मग त्यांनी गजराजास उंच करविले. पुढून उचलिले, आणि मागे जुन्याच पाट्यांशी लोखंडी ठोकळे जोडून पिछाडी वर घेतली, आणि गजराज ऐसा उंच जाहला की सासूबाईंस आत बसावयास स्वयंपाकघरातले स्टूल आणावे लागे. परंतु उंचीची हौस भागली आणि बाकी सर्व तसेच राहिले. पाटे, ज्यांवर गाडीचा मागला भार असतो, ते जुने आणि दमलेले; आणि शॉकअप, ज्यांनी गाडीची उसळी जिरवावी, तेही जुनेच आणि आखूड. उंच गाडीस ते पुरेनात. ताणून ताणून त्यांनी तेल गाळिले आणि प्राण सोडिले. मग खड्डा आला की पिछाडी उडे, आणि खड्डा मागे पडून बराच वेळ झाला तरी तिचे उडणे आपले चालूच.

अशात एका हॉटेलाची मोठी मागणी आली, आणि बाईसाहेबांनी ऋतूभर खपून रांजण घडविले, आणि गजराज ते घेऊन निघाला, आणि भट्टीवर पोहोचला तेव्हा पाठीवर रांजण थोडे आणि ढेकळे फार. बाईसाहेबांनी तुकडे परत आणिले, मोठ्या टबात पाणी घातले, आणि एकेक तुकडा हाताने आणखी बारीक करून भिजत घालू लागल्या. जावईराव जवळ येऊन मदतीची परवानगी मागते जाहले. तर, "राहू द्या. हात दुखतील तुमचे," इतकेच उत्तर आले. त्यापेक्षा त्यांनी पाटा फेकून मारिला असता तरी जावईरावांस बरे वाटते.

पुढे ताटावर बसले असता मेहुणेसाहेबांनी भाताचा घास घेता घेता विषय छेडिला.

"ताई, सरळ भाड्याचा टेम्पो लाव ना. दाजींची गाडी काय, मिरवायला आहेच."

तेव्हा जावईरावांचा क्रोध मस्तकी गेला आणि हातात घास तसाच धरून ते बोलून चुकले, "पुढच्या खेपेला एक जरी रांजण बिघडला ना, तर गाडीची चावी तुझ्या हातात देईन!"

"सगळ्यांनी ऐकलंत?" मेहुणेसाहेबांनी विचारिले, आणि वरण वाढून घेतले.

बाईसाहेबांनी नवे रांजण घडविले, ते वाळले, आणि सोमवारी भट्टीवर पोहोचविणे आहे ऐसा हुकूम सुटला. तेव्हा जावईरावांनी जातीने बाजारात जाऊन नवी कुमक आणिली. जाड, कमानदार पाटे आणिले, जेणेकरून मधल्या ठोकळ्यांची गरजच उरली नाही. आणि लांब हाताचे नवे शॉकअप आणिले. दुकानदाराने माल देते वेळी बजाविले की, पाट्याच्या दोन टोकांचे बोल्ट गाडी अधांतरी असता हातानेच लावून ठेवावे, आणि चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यावर बसले म्हणजे मग आवळावे. उलट केले तर पाटा अकडून बसतो आणि गाडी दगडासारखी आदळते. हे जावईरावांनी घरी येऊन सर्वांस सांगितले. ऐकिले सर्वांनी. एका कर्त्या पुरुषाने मात्र मनावर घेतले नाही.

तो कर्ता पुरुष म्हणजे सासरे. हे पूर्वाश्रमीचे प्लंबर, मोठे मातबर. उभ्या हयातीत त्यांनी जोडलेला नळ कधी गळला नाही, आणि घरच्या मंडळीस तो कधी उघडलाही नाही. त्या घरी चूळ भरणे तर आधी पाना शोधावा. बरणीची झाकणे, पंख्याचे स्क्रू, गादीच्या दोऱ्या, जे जे आवळता येईल ते त्यांनी आवळिले होते, आणि आवळून झाले की डोळे मिटून आणखी अर्धा फेरा देत. तो अर्धा फेरा त्यांची सही.

रविवारी सकाळी मोहीम सुरू जाहली. गजराजाची पिछाडी जॅकवर घेतली, चौकटीखाली आधारास लोखंडी घोडे लाविले, चाके काढून भिंतीशी ठेविली, आणि मागल्या दोन चाकांमधल्या दांड्यास दुसऱ्या जॅकचा टेकू दिला. जुने शॉकअप विनातक्रार हाती आले. परंतु डाव्या पाट्याच्या पुढल्या टोकाचा बोल्ट गंजून ऐसा ठाण मांडून बसला की हलेना. त्याजवर तेल फवारिले, हातोडीचे घाव घातिले, जावईरावांनी पान्यावर पाय देऊन उभे राहून पाहिले. मेहुणेसाहेब खुर्चीत बसून हा वेढा पाहत होते आणि अधूनमधून, "दाजी, चावी कुठल्या खिशात आहे?" ऐसी विचारपूस करीत होते.

मग सासरे उठिले. त्यांनी आपला पाईपपाना काढिला, आणि त्याच्या मुठीत पुरुषभर लांबीचा पाईप अडकविला, आणि छाती भरून घेतली. त्या समयी स्वयंपाकघरातून सासूबाईंनी, "अहो!" ऐसी हाक दिली. त्या घरी अहो दोन, एक सासूबाईंचे आणि एक बाईसाहेबांचे. दोघांनीही मान वळविली. "कंबर सांभाळा!" ही आज्ञा नेमकी कोणास ते ठरेना, तोच कर्रकन आवाज जाहला. कंबर शाबूत होती. बोल्ट सुटला होता. शेजाऱ्यांनी कुंपणावरून टाळ्या वाजविल्या, आणि सासऱ्यांची मुद्रा ऐसी फुलली की त्यांस आता थांबविणे कोणाच्या बापाच्याने झाले नसते.

मग नवे पाटे चढले, त्यांस दांड्याशी जखडणारे नवे यू-बोल्ट बसले, लांब शॉकअप आपल्या जागी गेले. जावईराव हात धुवावयास गेले, आणि नळ उघडीपर्यंत जो वेळ लागला, त्या वेळात घात जाहला. सासऱ्यांनी गाडी अधांतरी असता पाट्यांचे सर्व बोल्ट आवळिले, आणि डोळे मिटून प्रत्येकास अर्धा फेरा दिला.

"बाबा! दुकानदारानं काय सांगितलं होतं?"

"सैल बोल्ट ठेवून मी आजवर जेवायला बसलेलो नाही, जावईबापू. आज बसणार नाही."

चाके चढवून गजराज खाली उतरविला. तो बसलाच नाही. पिछाडी वर करून, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ताठ उभा राहिला. बाईसाहेबांनी परीक्षेस्तव स्टीलचा तांब्या काठोकाठ भरून मागल्या फळीवर ठेविला आणि जावईरावांस अंगणाच्या उंबऱ्यावरून गाडी हळू नेण्याचा हुकूम केला. गाडी उंबऱ्यास लागली मात्र, तांब्या हवेत गेला, आणि पाणी खुर्चीतल्या मेहुणेसाहेबांच्या मांडीवर उतरले. मेहुणेसाहेब ओले झाले परंतु हसत राहिले, इतका त्यांस आनंद जाहला होता.

जावईराव खिशातल्या चावीवर हात ठेवून उभे राहिले. बाईसाहेबांनी ते पाहिले, आणि वाळलेल्या रांजणांकडेही एकवार पाहिले.

तेव्हा सासूबाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, आणि नंतर यजमानांकडे पाहिले.

"सोडा ते."

"अगं, नीट बसलंय ते."

"नीट? उभा जन्म दोन्ही हातांनी नळ उघडतेय मी. लोणच्याची बरणी उघडायला शेजारणीच्या मुलाला बोलवावं लागतं. माणसाला काय, बोल्टाला काय, आधी बसू द्यावं. मग आवळावं. सोडा म्हणते ना!"

हे फर्मान ऐसे सुटले की त्यापुढे तक्रार चालेना. सासरे स्वतः गाडीखाली गेले, आणि आपल्या हाताने आपला अर्धा फेरा परत फिरविला. हे काम त्यांस फार जड गेले. खालून सुस्कारे ऐकू येत होते. आणि शेवटचा बोल्ट सैल होताच गजराजाने खोल निःश्वास टाकिला आणि पिछाडी सावकाश खाली बसली. मग जावईरावांनी गाडी दाबून, हलवून खात्री केली, आणि सासऱ्यांस मानाने विनंती केली की आता आवळावे. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. परत तांब्या ठेविला, परत उंबरा ओलांडिला, आणि या खेपेस काठावरून एक थेंब ओघळला तो तेवढाच.

दुसरे दिवशी रांजण चढले. प्रत्येकाभोवती जुनी रजई गुंडाळिली, मध्ये गवत भरिले. शेवटचा रांजण उशिरा घडविलेला, पोटात अजून ओलसर. तो सर्वांत मागे ठेविला. दोरखंड बांधण्याचे काम सासऱ्यांनी मागून घेतले, आणि आदल्या दिवसाचे दुःख पाहता कोणास नाही म्हणवले नाही. सासूबाई स्टुलावरून आत चढल्या, आणि सासरे पाना घेऊन मागे आपल्या गाठीपाशी बसले. मेहुणेसाहेब कामावर रजा टाकून, आपल्या मोटारीतून पाळतीवर मागे निघाले.

मार्ग बिकट. दवाखान्यापाशी गटाराचे उघडे झाकण, शाळेपाशी गतिरोधकांची फौज, आणि पुलाच्या उतारावर तो खड्डा, ज्याने मागल्या खेपेस सर्वनाश केला. गजराज खड्ड्यात उतरला, पाटे वाकले, शॉकअपांनी उसळी गिळिली, आणि गजराज एकदाच डुलून, भल्या माणसासारखा बाहेर आला. आत बाईसाहेबांनी यजमानांच्या हातावर हात ठेविला, आणि गिअर बदलताना तो काढावा लागला, याचे जावईरावांस अजून वाईट वाटते.

भट्टीवर रजया सोडिल्या. एक रांजण शाबूत, दुसरा शाबूत, सर्व शाबूत; आणि शेवटला उघडिला तो लांबट. ना चीर, ना तडा. परंतु मधोमध कमरेस पट्टा आवळावा तैसा दोरखंडाचा खोल वळ, आणि तोंड गोल होते ते अंड्याच्या आकाराचे जाहले.

मेहुणेसाहेबांनी हात पुढे केला. "दाजी, चावी."

जावईराव वचनाचे पक्के. त्यांनी खिशात हात घातला.

"थांबा हो," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी त्या वळावरून बोट फिरविले, आणि दोरखंडाची गाठ उचलून पाहिली. ती कोणास सुटण्याजोगी नव्हती. "खड्ड्यानं हे केलेलं नाही. गाडीनंही नाही. बाबा, अर्धा फेरा?"

सासरे आभाळाकडे पाहू लागले.

"पण ताई, शब्द म्हणजे शब्द. रांजण बिघडला तर माझ्याकडे—"

"बरोबर आहे, छोट्या. बिघडला तर तुझ्याकडे जायचं. ज्यानं बिघडवला तो जाईल. बाबा, महिनाभर छोट्याकडे राहा. मुलगाच आहे तुमचा."

"मी?" सासरे म्हणाले.

"बाबा?" मेहुणेसाहेब म्हणाले.

सासूबाई गाडीच्या खिडकीतून डोकावल्या. "आणि पाना बरोबर न्या हो. इथे विसरू नका."

येणेप्रमाणे निवाडा जाहला आणि त्याची तामील तेथूनच जाहली; सासरे उंच मोटारीत बसून रवाना झाले, आणि बसताच त्यांनी सीटचा पट्टा ओढून पाहिला, तो सैल वाटला. रांजण भाजून हॉटेलात रुजू जाहले. लांबट रांजणही भाजिला, तो दारात छत्र्या ठेवावयास आहे, आणि जावईराव जाता-येता त्यास सलाम करितात. घरचे नळ आता दोन बोटांनी उघडतात. सासूबाई विनाकारण दिवसातून कितीदा तरी हात धुतात. गजराजाची चावी जावईरावांच्या खिशात आहे. मेहुणेसाहेबांचे फोन मात्र रोज येतात, बाबांना न्या म्हणोन. कारण त्यांच्याकडील शॉवर हा मजकूर लिहून पुरा होईतो उघडलेला नाही.