गाळणीवाले मोकल सर

आमच्या शाळेत चहा कधी गाळून मिळाला नाही, कारण गाळण्या मोकल सरांच्या ताब्यात असायच्या. बांबूच्या काठीला गाळणी बांधली की झालं त्यांचं जाळं तयार. शिपाई नवी गाळणी आणायचा आणि दोन दिवसांत ती तळ्यावर रुजू व्हायची. आम्ही बाकीचे मास्तर चोथ्यासकट चहा पिऊन विज्ञानाची सेवा करत होतो.

मी मराठीची बाई, रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून रोज येणारी. शाळा पेणकडे, जोह्याजवळ; त्या गावात घरटी गणपतीचा कारखाना आणि शाळेमागे तळं. सर विज्ञानाचे, खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. त्यांचा तास म्हणजे अख्खी सातवी गुडघाभर पाण्यात. सापडेल ते पांढऱ्या थाळीत ओतायचं, भिंगातून बघायचं, चित्र काढायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचं. कोणी उत्तर घोकून आला की सर म्हणत, "हात सुका दिसतोय. सुक्या हाताचं उत्तर नाय चालत." तपासणीला आलेल्या साहेबांनाही ते तसंच म्हणाले. साहेबांनी मुकाट्याने बूट काढले.

एका वर्षी मूर्ती वाळवायला जागा पुरेना, म्हणून तळं बुजवायचं गावात घाटू लागलं. त्यानंतर आठ दिवस सर वर्गात खुर्चीवर बसून शिकवत होते. मला त्यांची काळजीच वाटायला लागली.

ग्रामसभेला मी त्यांच्यासोबत गेले. वाटलं, आता भाषण ठोकतील. सर एवढंच म्हणाले, "बुजवा. पण कोणावर माती टाकताय ते आधी बघून घ्या. चला."

तळ्यावर सातवी थाळ्या मांडून बसलेलीच होती. सरपंच धनाजीशेठ म्हणजे गावातले पहिल्या नंबरचे आखणीवाले. मूर्तीचे डोळे काढावेत तर त्यांनीच. त्यांच्या मुलीने बापाच्या हातात भिंग दिलं. थाळीत चतुराचं पिल्लू होतं. चतुर उडायला लागण्याआधी पाण्यात वाढतो, हे मलाही सरांनीच शिकवलेलं.

शेठ वाकले ते वाकलेच.

"आयला, डोळं बघा रे याचं! ही आखणी कुणी केली?"

बाकीचे कारखानदार लोटले. कोणी पायांचे सांधे तपासले, कोणी रंगाचा हात वाखाणला. एकाने कंबर जरा जाड झालीय म्हणून खोडही काढली.

"साच्यातलं नाय हे," शेठ ताठ होत म्हणाले, "हातकाम हाय. तळं बुजवायचं नाय." मूर्ती वाळवायला त्यांनी स्वतःच्या घरामागची वाडी देऊन टाकली.

पोरं आपापल्या बापांबरोबर घरी गेली. मी आणि सर एसटीने पेणला आलो. सर वाटभर बोलत होते. स्टँडवर एसटीडी बूथ दिसला तसे म्हणाले, "थांबा बाई, ही बातमी कोणाला तरी सांगाया पायजे." आत गेले, रिसीव्हर उचलला आणि तसेच उभे राहिले. बूथवाला नंबर विचारत होता. सरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मी पुढे होऊन माझ्या घरचा नंबर सांगितला.

फोन सासूबाईंनी घेतला. सरांनी त्यांना पिल्लाच्या डोळ्यांपासून धनाजीशेठच्या वाडीपर्यंत सगळं हातवारे करून ऐकवलं. सासूबाईंचा खणखणीत आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"लय बेस झालं हो मास्तर. पण या गडबडीत जेवलात काय?"

सरांचे हातवारे थांबले. रिसीव्हर कानाला तसाच. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाय जेवलो, आई."