खिडकीच्या कट्ट्याखालची वाढ

वाढ ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त ती कुणाच्या डोळ्यावर येता कामा नये. याच तत्त्वावर चेक देशातल्या ओस्त्रावा शहरात आमच्या पाच नंबरच्या इमारतीचे गांजा-मलम मंडळ उभे आहे (उभे म्हणजे अर्थातच बेताचे). सभासद बारा, सरासरी वय एकाहत्तर, गुडघे चोवीस. पैकी एकोणीस दुखतात, दोन धातूचे असल्याने गणतीतून वगळले आहेत, आणि उरलेले तीन कुणाचे यावर वाद आहे. पाला डुकराच्या चरबीत मंद आचेवर शिजवला की मलम होते. माणशी तीन झाडे घरात लावायला कायद्याची मुभा आहे. समोरच्या इमारतीची नाही.

म्हणून नियम एकच: झाड खिडकीच्या कट्ट्यावर डोके काढणार नाही. कट्टा जमिनीपासून पंच्याऐंशी सेंटिमीटर.

गांजाला हा नियम ठाऊक नसल्याने तो ताडमाड वाढतो. त्यावर अध्यक्ष बोहुमीर स्कोपाल यांच्याकडे उपाय आहेत (हयातभर कारखान्यात दुसऱ्यांचे काम मोजले, निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना). पहिला, शेंडा खुडणे: एक डोके गेले की दोन नम्र डोकी फुटतात. दुसरा, कोवळी फांदी सुतळीने कुंडीच्या काठाला बांधणे. सुतळी मऊ हवी. आपण आपल्याच मर्जीने आडवे झालो असे झाडाला वाटले पाहिजे. तिसरा, जाळी ताणून जे डोके वर येईल ते खाली सरकवणे. परिणाम थक्क करणारा आहे. सगळ्या फांद्या एका पातळीत येतात, दिव्याचा उजेड सर्वांना सारखा मिळतो, आणि उभ्या झाडापेक्षा आडव्याला फुले जास्त लागतात. हे शेवटचे वाक्य अध्यक्ष प्रत्येक सभेत दोनदा सांगतात. एकदा झाडांसाठी.

या सुव्यवस्थेला एकच गालबोट: चौथ्या मजल्यावरच्या ब्लाजेना कोत्रलोवा, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आपल्या एकुलत्या एक झाडाला कधी सुतळी लावली नाही. ते एक मीटर बारा सेंटिमीटर झाले. लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद, आणि मलमाशिवाय बाईंना जिना उतरवत नाही. काढणीला तीन आठवडे उरलेले. खोड आता लाकडी, वाकवले तर मोडणार. शेंडा खुडावा, तर फुलांचा सगळ्यात मोठा तुरा तिथेच. न खुडावा, तर मंडळ कुंडीच उचलणार.

रविवारी अध्यक्ष टेप आणि कात्री घेऊन आले.

"ब्लाजेनाबाई, सत्तावीस सेंटिमीटर जादा आहे."

"मोजलंत ना? मग आता कॉफी घ्या."

"वेळेवर वाकवलं असतं तर ही वेळ आली नसती."

"वाकण्याचं मला सांगू नका, स्कोपालसाहेब. चाळीस वर्षं वाकून शाळेच्या फरश्या पुसल्यात. त्याचंच तर मलम लावते."

अध्यक्ष कात्री घेऊन कुंडीपाशी वाकले, आणि तिथेच राहिले. कंबर धरली. ना वर, ना खाली. (नोंदीसाठी टेप लावली असता अध्यक्ष त्र्याऐंशी सेंटिमीटर भरले, म्हणजे पूर्णपणे नियमात.)

"कात्री खाली ठेवा," बाई म्हणाल्या, "आणि सदरा वर करा."

गेल्या वर्षीच्या डबीतले शेवटचे बोटभर मलम अध्यक्षांच्या कंबरेला गेले. चोवीस मिनिटांनी ते सरळ झाले. त्यांनी रिकाम्या डबीकडे पाहिले, मग झाडाकडे.

"नियम मोडता येणार नाही," ते म्हणाले.

"मी कुठं म्हटलं मोडा?"

अध्यक्षांनी टेप पुन्हा उलगडली आणि या खेपेला खिडकीला लावली. "कट्टाच ठेंगणा आहे, बाई. झाडाचा दोष नाही."

इतिवृत्तात नोंद आहे: कट्ट्यावर तीस सेंटिमीटरची फळी उभी ठोकण्यात आली व तिला पांढरा रंग देण्यात आला. झाड आता कट्ट्याखाली तीन सेंटिमीटर आहे. यथावकाश काढणी झाली, डब्या भरल्या, आणि बाई चार मजले उतरून पाव घेऊन आल्या.

फळीची मुभा मग सर्वांनाच देण्यात आली. उरलेल्या अकरा जणांपैकी (अध्यक्ष धरून) ती कुणीही बसवली नाही. विचारले तर उत्तर एकच: "आहे तेवढं बरंय. एवढी उंच फळी कशाला, म्हणून समोरचे विचारतील."

हे वाचताना तुम्हाला हसू आले असेल. आले असेल, तर शेजारच्या घरात ऐकू जाणार नाही इतपतच. काळजी नसावी, तुम्ही पंच्याऐंशीच्या आत आहात. सुतळी मऊच आहे, आणि फुलेही भरपूर येतील.