बर्फ वितळला की छाटा

थंडी संपली हे तुम्हाआम्हाला हवेवरून कळतं. आमच्या दौलतभाऊंना ते रसवंतीवाल्याकडून कळतं. नागभीडच्या स्टँडजवळच्या रसवंतीवर हंगामातली पहिली बर्फाची लादी उतरली की हे तिथे हजर. लादी पाझरायला लागली, पोत्याखालून पाण्याचा ओघळ निघाला, की समाधानाने मान हलवतात आणि तडक घरी येऊन गुलाब छाटायला घेतात.

"पुस्तकात साफ लिवलं हाये, सूनबाई. बर्फ वितळला की छाटा. आता आपल्या इथी बर्फ कुठी पडते? जो हाये तोच पाह्यचा."

दौलतभाऊ आमचे शेजारी. आयुष्य रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न करून हैदराबादेला. निवृत्त झाल्यावर ते डोळे तपासायला नागपूरला गेले आणि चष्म्याऐवजी रद्दीवाल्याकडून बागकामाची तीन जुनी इंग्रजी पुस्तकं घेऊन आले. मग ती वाचता येईनात म्हणून दुसऱ्या खेपेला चष्मा आणला.

पुस्तकं लिहिणाऱ्यांची नावं त्यांना उच्चारता येत नाहीत. पहिल्या पानावरच्या फोटोंवरून त्यांनी घरगुती नावं पाडली आहेत: दाढीवाला, मेमसाहेब आणि पाद्री. तिघंही कधीच मातीआड गेलेले, पण दौलतभाऊ त्यांच्याबद्दल असं बोलतात, जणू तिघं आतल्या खोलीत चहा पीत बसले आहेत.

"दाढीवाला म्हनते, कापा बिनधास्त, झाड रडत नाई. मेमसाहेब म्हनते, आधी झाडाभोवती एक चक्कर मारा, मग ठरवा. अन् पाद्री म्हनते, थांबा."

"कशासाठी थांबा?"

"ते नाई सांगत. पाद्री नेहमीच थांबा म्हनते."

या तिघांच्या भांडणात एकदा लिंबाची छाटणी पावसाळ्यापर्यंत लांबली. तिघांचं एकमत एकाच गोष्टीवर: मोहोरावर आलेल्या झाडाला हात लावायचा नाही. हे सांगताना दौलतभाऊ कानाची पाळी धरतात.

छाटणीची कात्री कायम खिशात. मूल गावातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना स्टेजवरच्या कुंड्या त्यांना बघवेनात. अक्षता पडेपर्यंत चार कुंड्या बोडक्या झाल्या होत्या. त्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना नुसत्या काड्या उभ्या आहेत. न्हाव्याकडे बसले तरी त्याला शिकवतात, "डोळ्याच्या वर, तिरपा काप." फांदीवरच्या अंकुराला डोळा म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने घाबरून वस्तरा खाली ठेवला होता.

माझ्या सासूबाईंना, अनसूयाबाईंना, हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. आमचं घर ढिवरांचं. तलावातली मासोळी धरायची, टोपलं डोक्यावर घेऊन बाजार करायचा, यात त्यांची उमर गेली. कुंपणाशी उभ्या राहून त्या रोज ऐकवायच्या, "जित्या झाडाले जखमा करते हा मानूस!"

"बाई, जखम नाई, इलाज हाये तो."

"मंग सोताचं बोट छाटून पाहा ना जी एखांदं!"

दोघांचं हे चहासारखं होतं. एक दिवस चुकलं तर दोघांनाही करमत नसे.

यंदा हिवाळ्यात सासूबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. गडचिरोलीला ऑपरेशन झालं, घरी आणलं, खिडकीजवळ खाट टाकून दिली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बाईंनी जेवायला हवं. सासूबाई दोन घास खायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. सदा भांडणारी बाई गप्प झाली की घर कसं परकं वाटतं!

एका सकाळी दौलतभाऊ कुंपणाशी आले. "काऊन जी सूनबाई, बाईचा आवाज नाई येऊन राह्यला?"

मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं, खिडकीतून तलाव दिसतो का म्हणून. दिसत नव्हता. मध्ये दौलतभाऊंचा आंबा होता, अंगभर मोहोरलेला. मी म्हटलं होतं, दौलतभाऊंना विचारून बघते. त्यावर सासूबाईंनी मला बजावलं, "खबरदार! कोनाले मोहोराचं झाड तोडाले सांगाचं नाई." आणि परत भिंतीकडे वळल्या.

दौलतभाऊ आंब्याकडे बघत उभे राहिले, मग त्याच्याभोवती एक चक्कर मारून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीच्या आवाजाने मी बाहेर आले. दौलतभाऊ शिडीवर होते. मोहोराने लगडलेली एक मोठी फांदी कडकडत खाली आली. मधमाश्या उठल्या, अंगणभर आंबूस-गोड वास पसरला.

"दौलतभाऊ, अहो, मोहोर आहे!"

"मंग? झाडात वारा खेळाले पाह्यजे. पुस्तकात हाये."

"कोणत्या पुस्तकात?"

त्यांनी घाम पुसला. "पाद्री म्हनते."

मी तोंड फिरवलं. त्यांच्याकडे बघणं मला जमेना.

शिडीवरूनच त्यांनी हाक दिली, "बाई! दिसते का?"

दौलतभाऊ करवत हातात धरून तसेच उभे. मग खूप दिवसांनी सासूबाईंचा तो जुना, बाजारातला आवाज आला, "खालची डहाळी आड येऊन राह्यली जी!"

तीही गेली. तलाव उघडा पडला. पलीकडच्या काठाला एक डोंगा लागत होता.

"तो डोंगा कोनाचा हाये?" सासूबाईंनी विचारलं.

"नामदेवचा."

"नामदेवचा कसा? नामदेव असा बसते का कधी? तुमचा चष्मा बदला!"

पुष्कळ वेळ चाललं ते. शेवटी डोंगा कुणाचा निघाला ते मला कळलंच नाही, कारण मी चुलीशी होते. सासूबाईंनी आतून सांगितलं होतं, "मले भूक लागली. झिंगे कर."

दुपारी मी त्यांचं ताट खिडकीशी नेलं, तर त्या कुंपणाकडे बघून बोलत होत्या.

"भाऊ, जेवन झालं का?"

"होते जी बाई. सकाळची भाजी हाये."

"ताट घेऊन इथी या."

"काऊन तकलीफ..."

"या म्हनते ना! एकटा मानूस भिंतीकडं पाहून जेवते. मी बी इतके दिवस तेच केलं. मले मालूम हाये ते."

दौलतभाऊ घरात गेले ते लवकर बाहेर येईनात. मला वाटलं, रागावले की काय. एरवी कुंपणाच्या फटीतून निम्मे आत येऊन बोलणारा हा माणूस त्या दिवशी रस्त्याने फिरून, आमच्या पुढच्या दाराने आला. भांग ओला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. हातातलं ताट घासूनपुसून लख्ख केलं होतं, आणि दारातच चप्पल काढून ते विचारत होते, "येऊ का जी?"