डॉक्टर लिमयांचं ‘आता तुम्ही म्हणा’

१४ ऑगस्ट १९९६. मी ऑपरेशनचे धुतलेले हातमोजे पावडर लावून डब्यात भरत होते. मागून आवाज आला, “सिस्टर, मोजे साडेसहा नंबर. आता तुम्ही म्हणा.”

“मोजे साडेसहा नंबर,” मी म्हटलं. म्हटल्याशिवाय डॉक्टर लिमये हलत नसत.

डॉक्टर लिमये आमच्या सांगलीच्या दवाखान्यात भूल द्यायचे आणि माझ्या शेजारी राहायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी टपालानं एक अभ्यासक्रम सुरू केला होता. विषय, हुशार माणसं दवाखान्यात चुका का करतात. तेव्हापासून सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणायचं, हा नियम. गेटवरचा चहावालाही सुटला नाही.

“दोन चहा, एक बिनसाखरेचा. आता तू म्हण.”

“सायेब, चा हाय, आप्रेशन न्हाई,” तो म्हणायचा. पण साखर चुकायची बंद झाली.

दुसरा नियम, पेशंटला ‘होय’ म्हणता येईल असा प्रश्न विचारायचा नाही. “डॉक्टरांसमोर माणूस कशालाही होय म्हणतो, सिस्टर.”

सर्जनसाहेब कंटाळले होते. “लिमये, ही पोपटपंची आजपासून बंद,” असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

त्या दिवशी वॉर्डात दोन शालन होत्या. पलूसच्या शालनचं अपेंडिक्स, आटपाडीकडच्या शालनच्या काखेतली गाठ. टेबलावर एक शालन आली. साहेबांनी विचारलं, “शालन ना?”

“व्हय.”

“पोट दुखतं ना?”

“व्हय.”

“झालं. द्या भूल.”

लिमयांनी भूल दिली नाही. स्टूल ओढून बसले. “बाई, मालकांचं नाव सांगा.”

ती लाजली. “आवं, धन्याचं नाव कसं घ्यावं?”

“बरं, दुखणं कुठं आहे तिथं हात ठेवा.”

तिनं हात काखेत घातला.

“आणि पोट?”

“सकाळधरनं उपाशी ठेवलंय. दुखंल न्हाई तर काय?”

साहेबांनी तिच्या धडधाकट पोटाकडे बघत हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, “पलूसची शालन आणा. अपेंडिक्स. सिस्टर, आता तुम्ही म्हणा.”

मी म्हटलं. वॉर्डबॉयनं म्हटलं. लिमयांचे मास्कवरचे डोळे लग्नघरासारखे उजळले होते. पोपटपंची बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडे लिमये दूध आणायला निघाले. दारात थांबून म्हणाले, “गॅस बंद.” जरा वेळानं बारीक आवाज काढून स्वतःच म्हणाले, “गॅस बंद.” लिमयेवहिनी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदनाला निघताना त्यांनी दार ओढलं. “कुलूप लावलं.”

“कुलूप लावलं,” मी कुंपणाच्या अलीकडून म्हटलं आणि चपला घातल्या.