हेरेकर अण्णांचे नाताळातले खून

हेरेकर अण्णा वर्षातले एक्कावन्न आठवडे वाटेत मुंग्यांची रांग दिसली तरी वळसा घालून जातात. बावन्नाव्या आठवड्यात मात्र त्यांना रोज दुपारी एक वाजता खून लागतात. तेही कुठलेही चालत नाहीत. घरात झाड सजवलेलं पाहिजे, झाडाला दिवे पाहिजेत, टेबलावर केक पाहिजे, बाहेर बर्फ पाहिजे, आणि अशा सगळ्या आनंदीआनंदात लाल डगला घातलेला, पांढऱ्या दाढीचा कोणीतरी कुऱ्हाड घेऊन आला पाहिजे. नाताळातल्या खुनांचे सिनेमे निघतात, हे मला बंगळूरला येईपर्यंत माहीत नव्हतं. आता माझ्या हॉलमध्ये असे पंचवीस-तीस होऊन गेले आहेत. माहीत नव्हतं तेच बरं होतं.

माझ्याच हॉलमध्ये का, ते सांगितलं पाहिजे. जे. पी. नगरातल्या एका दुमजली घरात खाली हेरेकर राहतात आणि वर आम्ही. दोघेही भाडेकरू, दोघेही एकाच सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यात. मी एक्याण्णव साली सांगलीहून आलो. अण्णा मूळचे बेळगावकडचे, पण बंगळुरात त्यांना पंचवीस वर्षं झाली. मला ते 'स्वल्प थांबा' म्हणतात, रिक्षावाल्याशी मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतात, आणि कुठल्याही वादाचा शेवट 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हणून करतात. त्यांच्या पत्नी सुमतीअक्का सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स आहेत. दोघांना मूलबाळ नाही.

अक्कांच्या वॉर्डातल्या बाकीच्या बहुतेक नर्सेस केरळच्या, ख्रिस्ती. नाताळात त्या गावी जातात आणि तो आठवडाभर रात्रपाळी अक्का करतात. त्या बदल्यात गणपती आणि दिवाळी अक्कांना मिळते. बदलाबदलीचा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालत आलाय. अक्का संध्याकाळी साडेसातला बस पकडतात, सकाळी साडेआठला येतात, आंघोळ करून झोपतात त्या थेट पाच वाजता उठतात. तोवर खालच्या घरात भांडंसुद्धा वाजत नाही. शिट्टी होईल म्हणून अण्णा कुकर लावत नाहीत, भात उघड्या पातेल्यात शिजवतात.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अण्णा घरी असतात. आमच्या कारखान्यात उरलेली सी.एल. एकतीस डिसेंबरला बुडते. त्यामुळे वर्षभर तापात फणफणत कामावर येणारी माणसंसुद्धा शेवटच्या आठवड्यात रजेवर जातात. मीही जातो. माझी बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली असते. घर रिकामं, पंखा बंद, अंगावर गोधडी आणि सात दुपारी. मला दुसरं काही नको असतं. अकरा महिने मी या झोपेची वाट बघतो.

पावणेएकला जिन्यात चपला वाजतात. मग कॅसेट लावायला भाड्याने आणलेला व्ही.सी.पी. कठड्याला आपटल्याचा आवाज येतो. तांदूळ आणायच्या पिशवीत घालून अण्णा तो छातीशी धरून आणतात. दुसऱ्या हातात चुरमुऱ्यांचा डबा.

"बसू की?" अण्णा विचारतात. तोपर्यंत ते बसलेले असतात.

एका वर्षी मी टीव्ही बिघडला असल्याची थाप मारली. अण्णा 'सरी' म्हणून खाली गेले. मी सुटलो म्हणून आडवा होतोय तेवढ्यात ते पेचकस घेऊन परत आले. मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, दोन जागी दाबून बघितलं, झाकण बसवलं आणि त्यावर खडूने बरोबरची खूण केली. टीव्ही मुळात बिघडलेला नव्हताच, तो चालू झाला. पूर्वीपेक्षा चित्र जरा बरंच दिसायला लागलं. अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, त्यामुळे मला आणखीनच अपराधी वाटलं.

अण्णा कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहेत. मी ड्रॉइंग विभागात, म्हणजे त्यांच्या तावडीतला. कुठलाही माल बाहेर जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जातो. त्यांच्याकडे तीन शिक्के आहेत: ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. रिवर्क म्हणजे दुरुस्त करून परत आणा. हा शिक्का अण्णांनी वापरलेला कोणी पाहिलेला नाही. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी ते थेट रिजेक्ट मारतात. माझ्या ड्रॉइंगवरून बनलेली दोनशे ब्रॅकेटं त्यांनी एका सकाळी रिजेक्ट केली, तेव्हा आमचे फोरमन त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडून उभे होते. अण्णा म्हणाले, सरी, पण भोक चुकलंय की.

सिनेमाही ते असाच बघतात. इंग्रजी त्यांना ड्रॉइंगवर असतं तेवढंच कळतं, त्यामुळे बोलण्याकडे लक्ष नसतं. लक्ष असतं ते कड्या-कोयंड्यांकडे. पडद्यावर बाई किंचाळत जिन्यावरून धावते आणि अण्णा पुढे वाकून म्हणतात, बिजागरी बघा, दोनच स्क्रू. त्या धुराड्याचा तर त्यांना मनस्वी राग. एवढं लाखाचं घर बांधायचं आणि वरून माणूस उतरेल एवढं भोक उघडं ठेवायचं, हा डिझाइनचाच दोष आहे आणि तो दरवर्षी तसाच राहतो, कोणी सुधारत नाही. कुऱ्हाडीचा दांडा ढिला असल्याचं त्यांनी मला एकदा सिनेमा थांबवून दाखवलं. कुऱ्हाड त्या वेळी एका माणसाच्या डोक्यात होती.

मांडीवर एक वही असते. कोण घरात आलं, कुठून आलं, काय अंगावर होतं, हे ते लिहून घेतात. नावं कळत नाहीत, म्हणून 'निळा स्वेटर', 'चष्मावाली', 'लठ्ठ मामा' अशी नोंद. एखाद्याचा मुडदा पडला की अण्णा क्षणभर डोळे मिटतात आणि त्याच्यापुढे काहीतरी लिहितात. मी एकदा डुलक्या घेताघेता त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. निळा स्वेटर: रिवर्क. चष्मावाली: रिवर्क. लठ्ठ मामा: रिवर्क. मला वाटलं, इतकी वर्षं तपासणी करून माणसाच्या डोक्यावर परिणाम होत असणार.

शेवटी मी त्यांना विचारलंच, की अण्णा, भीतीचेच सिनेमे बघायचेत तर भुतांचे बघा, राक्षसांचे बघा, हे नाताळाचंच काय एवढं. एरवी चार शब्दांवर थांबणारे अण्णा त्या दिवशी पाच मिनिटं बोलले. त्यांचं म्हणणं असं, की भुतं पडक्या घरात राहतात. तिथे आपण मुळात जायचं कशाला? न गेलं की झालं. पण नाताळात घर भरलेलं असतं. लांबची पोरं आलेली असतात, म्हातारी ओव्हनपाशी असते, दारावर हिरवी माळ असते. लाल डगलेवाला आला तर पोरं आनंदाने दार उघडतात. माणूस सगळ्यात निवांत असतो तेव्हाच ते येतं, म्हणून खरी भीती त्यात आहे. मग चुरमुरे चावत ते म्हणाले, "आणि घर भरलेलं असतं म्हणून वाचवायलाही पुष्कळ जण असतात की."

वाचलेला तर मला कोणीच दिसला नव्हता. पण मी वाद घातला नाही, मला झोप येत होती.

परवाच्या डिसेंबरात चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. त्या दुपारचा सिनेमा फारच वाईट होता. म्हातारी आजी, जिचा चेहरा माझ्या आत्यासारखा होता, ती झाडाखालच्या खोक्यांमध्ये सापडली. संध्याकाळी चहा घेऊन अण्णा कॅसेट बदलायला व्हिडिओ लायब्ररीत गेले. गच्चीत जायचा जिना आमच्या दारावरून जातो. अक्का ड्यूटीवर जाण्यापूर्वी धुतलेली पांढरी साडी वाळत घालायला वर आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, चालण्यात ओढलेपणा. त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडायची ही वेळ नव्हती, हे मला कळायला हवं होतं. पण चार दिवसांची झोप माझ्या डोक्यात चढलेली.

मी म्हणालो, "अक्का, अण्णांना सांगा, एखादा तरी असा पिक्चर आणा ज्यात कोणी मरत नाही. आज माझ्या हॉलमध्ये नऊ माणसं मेली."

अक्कांनी साडी झटकली आणि दोरीवर टाकली.

"नऊ?" त्या म्हणाल्या. "मी सात धरली होती."

मला काही कळेना. मला वाटत होतं, अण्णा खाली जाऊन बायकोला हे सगळं रंगवून सांगत असतील आणि ती बिचारी मुकाट्याने ऐकत असेल. अक्का कठड्याला टेकल्या आणि बोलू लागल्या. अण्णा रोज पाच वाजता चहाबरोबर त्यांना सिनेमाची गोष्ट सांगतात, वहीत बघून. पण त्या गोष्टीत कोणी मरत नाही. निळा स्वेटरवाला बर्फात घसरतो आणि त्याचा पाय मुरगळतो. चष्मावाली तळघरात अडकते आणि तिला कोणीतरी दार उघडून देतं. कुऱ्हाडवाला मुळात लाकडं फोडायला आलेला असतो, लोकांचा गैरसमज होतो. शेवटी सगळे टेबलाभोवती बसून केक खातात.

"आजची आजी शेजारी साखर मागायला गेली होती म्हणाले," अक्का म्हणाल्या. "त्या एवढ्या बर्फात."

त्या हसल्या. मग सांगू लागल्या, की गोष्ट सांगताना अण्णा कुठे अडखळतात आणि घाईने पुढे जातात, ते त्यांना नेमकं कळतं. तिथे कोणीतरी मेलेलं असतं. त्या चहा पितापिता मनात मोजतात. आज दोन सुटले.

हे सुरू कधी झालं, तेही त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी नाताळातच, त्यांच्या पाळीत, एकोणीस वर्षांची एक मुलगी गेली. साधा ताप म्हणून आली होती. अक्कांनी घरी येऊन चार दिवस तोंड उघडलं नाही, जेवल्या नाहीत, नोकरी सोडते एवढं एकच वाक्य बोलल्या. अण्णांना समजूत घालणं जमत नाही. त्या काळात घराजवळच्या लायब्ररीतून त्यांनी वेळ घालवायला हाताला लागली ती कॅसेट आणली होती. तिची गोष्ट ते अक्कांना सांगायला लागले आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पुढे सगळेच मरतात. तर त्यांनी एकेकाला वाचवायला सुरुवात केली. ते इतकं धडपडत, इतक्या थापा मारत चाललं होतं, की शेवटच्या माणसाला ते कसं वाचवतात हे बघायला अक्का उठून बसल्या. आणि जेवल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा तसलीच दुसरी कॅसेट घेऊन आले.

मला वहीतलं ते रिवर्क आठवलं. मला माझी लाज वाटली, आणि ती चांगली दणकून वाटली. मी अक्कांना म्हणालो, की तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आता तुम्ही सावरलाही आहात, मग हे आता पुरे असं त्यांना सांगून का टाकत नाही. या वयात कशाला त्यांनी रोज ती कापाकापी बघायची.

अक्कांनी साडीला चिमटा लावला. मग म्हणाल्या, "ते सावरलेले नाहीत हो. सकाळी दार उघडतात ते माझ्या तोंडाकडे बघतात. 'सगळे आहेत की?' एवढंच विचारतात. मी आहेत म्हणते. आज पहाटे अकरा नंबरचे आजोबा गेले. थंडीने न्यूमोनिया झाला होता. मी यांना सांगितलं, आजोबांना डिस्चार्ज मिळाला, मुलगा येऊन घेऊन गेला."

"आणि त्यांना खरं वाटतं?"

"वाटतं. त्यांना मोजता येत नाही माझ्यासारखं." त्यांनी साडीची कड सारखी केली. "तुम्ही त्यांच्याजवळ काही बोलू नका."

खाली फाटक वाजलं, तशा त्या जिना उतरून गेल्या. मी गच्चीत तसाच उभा राहिलो. दोन थकलेली माणसं एकमेकांपासून रोज किती मुडदे लपवतात, ते मी इतकी वर्षं डोळ्यांवर झापड घेऊन बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पावणेएकला चपला वाजल्या. मी आधीच दार उघडून ठेवलं होतं. अण्णांनी व्ही.सी.पी. ठेवला, वायर लावली, डबा माझ्याकडे सरकवला. पण कॅसेट आत घालायच्या आधी ते थांबले. खुशीत दिसत होते.

"दातार," ते म्हणाले, "हिच्या वॉर्डातले अकरा नंबरचे आजोबा घरी गेले की काल. मुलगा आला होता न्यायला. तुमच्याशी बोलली काय ती?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. अक्का सांगत होत्या तसंच, शिक्का हातात घेऊन मालाकडे बघावं तसं नाही, दार उघडून उभं असावं तसं.

"बोलल्या तर," मी म्हणालो. "मुलगा रिक्षा घेऊन आला होता म्हणे. घरून शाल आणली होती, कानटोपी आणली होती. नीट गुंडाळून, मागच्या सीटवर मांडीवर डोकं घेऊन नेलं आजोबांना."

शाल आणि कानटोपी माझ्या पदरची. त्या कुठून सुचल्या ते मला सांगता येणार नाही.

अण्णांनी मान हलवली आणि कॅसेट आत ढकलली. पडद्यावर बर्फ पडायला लागला.

"बरं केलं," ते म्हणाले. "थंडी आहे बाहेर."