यशवंतभाऊंचे कान

आमच्या मसोली गावातले यशवंतभाऊ बोलता बोलता मधेच नाक चिमटीत धरतात, गाल फुगवतात आणि डोळे वटारून थांबतात. समोरच्याला वाटतं, आपल्या तोंडाला वास येतोय. मी शाळेत शिकवणारा माणूस, त्यांचा शेजारी. आठवडाभर लवंगा चघळल्या.

"सर, कानात आतून दार असतं," शेवटी त्यांनीच खुलासा केला. "पाण्यात खाली गेलं की ते दाबलं जातं. नाक धरून हवा ढकलायची. फट्ट झालं की उघडलं."

खुलाशानं माझा गोंधळ वाढलाच. साठीचा माणूस, चिकूच्या वाडीचा मालक. याला खाली जायचंय कुठे? किनाऱ्यावरच्या वरोरहून मासळी घेऊन येणारी बाई तर तोंडावरच म्हणाली, "भाऊ, आमच्या माणसांची सगळी धडपड वर राहायची. तुम्हाला खाली कसली हौस?"

"तुला नाय कळणार," भाऊ म्हणाले. कळत मलाही नव्हतं.

२०१७ साली नेट स्वस्त झालं आणि भाऊ मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. त्यात परदेशी माणसं नळीबिळी न लावता, एका श्वासात, डोकं खाली करून समुद्रात जायची. भाऊंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे सगळं शिक्षण हातवारे बघून. उलटं व्हायचा सराव त्यांनी चिकूच्या फांदीला पाय अडकवून केला. चिकू काढायला आलेल्या बाया टोपल्या टाकून भाऊंच्या बायकोला, काकींना, बोलवायला धावल्या. काकींनी येऊन बघितलं, "करू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तेही कोडंच वाटलं.

मग वाडीतली विहीर. रोज सकाळी भाऊंच्या कमरेला दोर आणि दुसरं टोक माझ्या हातात. मी कसा तयार झालो, ते विचारू नका. पुरुषभर खोल गेलं की त्यांचा कान ठणकायचा. वाडीतला पंप अडला तर भाऊ लाथ घालून चालू करतात, कानाचंही तेच. दुखला की आणखी जोर.

एके दिवशी ते कान धरूनच वर आले आणि पायरीवर बसले.

"नाय उघडत, सर. आणि मी तर तिकीट काढलंय."

"कुठलं?"

"अंदमानचं. तृप्ती तिथं लोकांना असंच खाली नेते."

तृप्ती त्यांची मुलगी. बँकेतली नोकरी सोडून ती गेली म्हणून भाऊंनी दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"वर, समोरासमोर, मला बोलायला जमणार नाय," ते म्हणाले. "खाली कुणालाच बोलावं लागत नाय."

मला त्यांचा राग आला आणि भरूनही आलं. मी काकींचा फोन आणला, नंबर लावला, स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला.

"हं, आई?" तृप्तीचा आवाज आला.

भाऊंनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "कान दुखला तर काय करायचं?"

तिनं बाबांना ओळखलं. मग ती शिकवायच्या सुरात बोलायला लागली, पण आवाज कापत होता. "जोर नाही लावायचा, बाबा. थोडं मागं यायचं. मग पुन्हा हळूच बघायचं."

"मी जोर लावला," भाऊ म्हणाले. "खूप लावला."

"माहीत आहे, बाबा."

पुढे दोघंही काही बोलले नाहीत. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.